पोटाच्या ऑपरेशनमध्ये शिरेतून लिग्नोकेन: माझा अनुभव

ऑपरेशनमध्ये दुखणं कमी ठेवण्यासाठी शिरेतून लिग्नोकेन (एरवी जागा बधिर करण्यासाठी टोचतात ते औषध) द्यायचं ठरलं की मी आधी पेशंटची उंची विचारते, कारण वजनकाट्यावरचा आकडा इथे फसवतो. डोस आदर्श वजनावर काढायचा: पुरुषांत सेंटिमीटरमधल्या उंचीतून 100 वजा, स्त्रियांत 105. उंची 165 सेंमी आणि वजन 90 किलो असलेल्या बाईंचाही हिशेब 60 किलोचाच. वजन 40 किलोच्या आत असेल, किंवा हार्ट ब्लॉक (हृदयातल्या विद्युत संदेशांचा अडथळा), फिट्स, लिव्हरचा गंभीर आजार असेल, तर मी हे औषध देत नाही.

भूल देताना, चीर घेण्याआधी, किलोला 1.5 मिग्रॅ, दहा मिनिटांत सावकाश. 60 किलोला 90 मिग्रॅ. 2 टक्के औषधाच्या एका मिलीत 20 मिग्रॅ असतात, म्हणजे 4.5 मिली. पुढे तासाला किलोमागे 1.5 मिग्रॅ, म्हणजे ताशी 4.5 मिली. पेशंट कितीही उंच असला तरी ताशी 120 मिग्रॅच्या वर जायचं नाही. ॲड्रेनलिन मिसळलेली बाटली चुकूनही घ्यायची नाही.

घोळ होतो तो पंपावर, म्हणजे ठरावीक वेगाने औषध सोडणाऱ्या यंत्रावर. कागदावर लिहिलेलं असतं 90 मिग्रॅ आणि पंप विचारतो मिली. तिथे 90 दाबलं गेलं तर ताशी 1800 मिग्रॅ जातात. म्हणून मी आकडा मोठ्याने वाचते आणि दुसऱ्या कुणाकडून तपासून घेते. लाइन शक्यतो वेगळी. सलाइनबरोबर एकाच सुईतून देत असाल आणि सुई अडली, तर औषध सलाइनच्या नळीत उलटं चढतं आणि अडथळा सुटताच एकदम आत जातं. नाइलाज असेल तर सलाइनच्या नळीला एकदिशा व्हॉल्व्ह हवाच.

सर्जनशी आधीच बोलून घ्यायचं. शेवटी टाक्यांपाशी बुपिव्हाकेन (बधिर करणारंच दुसरं औषध) भरलं, तर दोन्ही औषधांचा विषारी परिणाम एकत्र होतो. ब्लॉकनंतर (नसांजवळ औषध टोचून तो भाग बधिर केल्यावर) चार तास हे इन्फ्युजन, म्हणजे शिरेतून सतत जाणारं लिग्नोकेन, नाही, इन्फ्युजन थांबल्यावर चार तास ब्लॉक नाही.

जागा पेशंट ओठांभोवती मुंग्या, तोंडात धातूची चव, कानात गुंई असं सांगतो. त्याच क्षणी पंप बंद. भुलेखालचा पेशंट काहीच सांगू शकत नाही. तिथे ईसीजी आणि ब्लडप्रेशरच बोलतात. सुरू करण्याआधी 20 टक्के लिपिड इमल्शन (या विषबाधेवर शिरेतून द्यायचं पांढरं स्निग्ध द्रावण) खोलीत आहे ना, ते मी स्वतः पाहते. गंभीर विषबाधेत किलोला 1.5 मिली, म्हणजे या बाईंना 90 मिली, मिनिटभरात. मग तासाला किलोमागे 15 मिली. भुलेचं औषध प्रोपोफॉलही पांढरं दिसतं म्हणून ते लिपिडच्या जागी चालत नाही.

फायद्याबद्दल स्पष्ट सांगायला हवं. आतडी लवकर चालू होतात, असं आम्ही वर्षानुवर्षं म्हणत आलो. ब्रिटनमधल्या ॲलेग्रो चाचणीत (2024) मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनचे 590 पेशंट होते. 72 तासांत आतडी पूर्ववत झालेले लिग्नोकेन गटात 57.3 टक्के, दुसऱ्या गटात 59. त्यामुळे निव्वळ आतड्यांसाठी मी ते आता देत नाही. एपिड्युरल (पाठीच्या कण्यात नळी घालून बधिर करणं) किंवा ब्लॉक जमत नसेल आणि मॉर्फिन कमी ठेवायचं असेल, तेव्हाच विचार करते.

वॉर्डात द्यायचं तर सतत ईसीजी असलेली खाटच हवी, आणि 24 तासांच्या पुढे नाही. केसपेपरवर बंद केल्याची वेळ लिहिते आणि खाली ठळक: या वेळेपासून चार तास ब्लॉक नको.