ओडी म्हणायची सवय

सोमवार, रात्र

आज परत तेच झालं. दादाच्या खोलीच्या दाराशी उभी राहून "ओडी!" अशी हाक दिली, आणि आतून पुतण्या ओरडला, "आई, आत्या ऑडी मागतीय बघ!" सगळे हसले. मीही हसले.

आफ्रिकेतल्या मलावीत कुणाच्या अंगणात शिरण्याआधी असं म्हणतात. आतून "ओडीनी" आलं की मगच पुढं जायचं. मिशनच्या शाळेत शिकवायला 2018 साली गेले, सहा वर्षं राहिले. आता सख्ख्या भावाच्या घरातही परवानगी मागते. वहिनीला वाटतं मी परक्यासारखी वागते.

येऊन दोन महिने झाले. परतल्यावर लागतील म्हणून जाताना बायबलमध्ये दोन हजारांच्या दोन नोटा ठेवल्या होत्या. त्या 2023च्या मेमध्ये रिझर्व्ह बँकेनं मागे घेतल्या, हे तिकडं ऐकलं होतं. पण स्टेशनबाहेर रिक्षात बसताना डोक्यातच नाही. रिक्षावाल्यानं नोट उलटसुलट केली. "अक्का, ही आता फ्रेम करून लावा की." शेवटी दादानं मोबाईलवरून भाडं दिलं. नोटा अजून तिथंच आहेत, पोस्टानं रिझर्व्ह बँकेला पाठवता येतात म्हणे. बघू.

काल उपासनेनंतर पाळकसाहेबांनी साक्ष द्यायला उभं केलं, दहा मिनिटं. मी फ्रेडी वादळाचं सांगितलं. मार्च 2023. तिकडच्या ब्लांटायर शहराच्या डोंगरउतारांवरची घरं चिखलासकट खाली आली. आमच्या वर्गांत लोक झोपत होते. फळ्यावर कुटुंबांची नावं लिहिली होती, कोण सापडलं, कोण नाही. एका बाईनं रोज सकाळी येऊन आपल्या मुलाचं नाव पुन्हा ठळक गिरवलं. खडू संपत आला तेव्हा मी कपाटातला शेवटचा तुकडा तिला दिला. हे सांगता सांगता वेळ संपली. बाकीचं बोललेच नाही.

चहाला पहिला प्रश्न, "पगार डॉलरमध्ये का वो?" क्वाचात होता, मलावीच्या चलनात. त्या वर्षी नोव्हेंबरात क्वाचा घसरवला, डॉलरला साधारण बाराशे होता तो सतराशे झाला. हे कुणाला समजावणार! लोकांचं चुकत नाही म्हणा. फॉरेन म्हटलं की फॉरेनच.

आई मात्र एकदम खोलात शिरते. परवा तिला न्सिमा करून दाखवली, मक्याचं पीठ उकळत्या पाण्यात घोटून घट्ट. तिनं बोटानं चाखली, "हा तर मक्याचा घाटा. एवढ्यासाठी सातासमुद्रापार गेलीस?" आणि शेंगाचटणी, दही घेऊन अख्खी वाटी संपवली.

पाहुण्यांच्या हातावर जेवणाआधी पाणी ओतायची सवयही तिकडचीच. इथं पाच दिवसांआड पाणी. काल मी तांब्या घेऊन उभी राहिले तेव्हा आईनं तो माझ्या हातातून काढून घेतला. काही बोलली नाही.

कधी कधी त्या अमेरिकन बायकांचा विचार येतो. 1813 साली मुंबईत उतरलेलं अमेरिकन मराठी मिशन पुढं सोलापुरातही आलं, त्यांनी इथं शाळा चालवल्या. फर्लोवर, म्हणजे मिशनच्या लांब रजेवर, घरी गेल्यावर त्यांना ज्वारीची भाकरी कुणी करून दिली असेल? त्यांच्या तोंडून चुकून "अगं बाई" निघत असेल तर घरचे काय म्हणत असतील? मिशनच्या कागदपत्रांत बाप्तिस्म्यांचे आकडे असतात, हे नसतं.

जाताना मी सोलापुरी चादर नेली होती, मोरांची. येताना शेजारच्या बाईला दिली. आत्ताच तिचा आवाज आला मोबाईलवर. चादर धुतली, रंग गेला नाही, म्हणाली. मग नेहमीची लांबलचक विचारपूस, आई कशी, भाऊ कसा, पाऊस पडला का. मी उत्तर द्यायला बटण दाबलं आणि "पाऊस" शब्द चिचेवात, तिकडच्या भाषेत, आठवेचना. दोन महिन्यांत! तशीच बसले, बोट बटणावर.

खालून वहिनीची हाक आली, पाणी आलंय. अडीच वाजलेत. घागरी लावते.