चारचाकीला दुचाकीचं स्टिकर: माझा अनुभव

जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात नक्कल गाडी न्यायची असेल तर पाणी दोन लिटर न्या. मी अर्धा लिटरची बाटली घेऊन गेलो आणि गेटवर अडीच तास उभा राहिलो. फेब्रुवारी संपत आलेला, ऊन आपल्या मराठवाड्याचं, आणि गाडीला छप्परच नाही.

गाडी म्हणजे लोटस सेव्हनची नक्कल. मूळ गाडी इंग्लंडच्या कॉलिन चॅपमनने १९५७ मध्ये काढली. लांब नाक, पुढच्या चाकांवर सायकलसारखे मडगार्ड, दोन माणसं अंग चोरून बसतील एवढीच जागा. १९७३ मध्ये लोटसने ती बनवायचं सोडलं आणि हक्क केटरहॅम नावाच्या विक्रेत्याकडे गेले. ते अजूनही तशीच गाडी विकतात. मूळ सेव्हन निघाल्या अडीच हजारांच्या आसपास, नकला त्याच्या कितीतरी पट. आपल्याकडे अलिबागच्या चिंकारा मोटर्सने इसुझू या जपानी कंपनीचं इंजिन घालून अशीच एक रोडस्टर, म्हणजे उघडी दोन माणसांची गाडी, विकली होती. तिचा फोटो पाहिला आणि माझ्या डोक्यात किडा शिरला.

माझी गाडी जालन्यात झाली. सांगाडा एक इंची चौकोनी पाइपचा, १६ गेज. (जालना म्हटलं की जो तो विचारतो, सळईची केली का? नाही केली.) इंजिन, गिअरबॉक्स, मागचा अ‍ॅक्सल भंगारातल्या हिंदुस्तान मोटर्सच्या कॉन्टेसाचा, म्हणजे तेच १८१७ सीसीचं इसुझू. बाजूचे पत्रे अ‍ॅल्युमिनियमचे. नाक आणि मडगार्ड फायबरचे, लग्नाच्या मंडपासाठी हत्ती आणि रथ करणाऱ्या माणसाकडून करून घेतले. साडेचार वर्षं गेली. मधे बायकोने बोलणं सोडलं होतं, नंतर परत बोलायला लागली.

या गाडीला नंबर नाही. आपल्याकडे घरी बनवलेल्या गाडीला नंबर मिळवायचा म्हणजे कारखान्याने नवं मॉडेल आणावं तशी तपासणी, पुण्याच्या एआरएआय किंवा नगरच्या व्हीआरडीईसारख्या संस्थेत. एका गाडीसाठी ते कोण करतो? आणि नंबर असलेल्या गाडीचं रूप बदललं की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. २०२१ च्या व्हिंटेज नियमांचा आम्हाला काही उपयोग नाही. तो ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर आणि वीस हजारांची फी पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना, त्याही सांगाडा, बॉडी, इंजिन मूळचं असेल तर. म्हणून माझी गाडी गोडाऊनच्या आवारात फिरते आणि बाहेर जाते ती चौदा फुटी आयशरमध्ये बसून. तुम्हीही रस्त्यावर काढू नका. ‘एवढंच तर अंतर आहे’ म्हणून सुद्धा नाही.

आता फॉर्म. मला मनस्ताप झाला तो इथूनच, आणि त्यात माझीही चूक आहे, ते आधीच कबूल करतो.

प्रदर्शन छत्रपती संभाजीनगरला होतं. आयोजकांचं नाव घेत नाही. फॉर्म मोबाइलवर भरायचा. प्रकार तीन: व्हिंटेज, क्लासिक, दुचाकी. उत्पादन वर्ष टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही, आणि वर्ष तीस वर्षांपलीकडचं नसेल तर लाल अक्षरात नकार. मी खरं वर्ष टाकलं, नकार आला. परत टाकलं, परत नकार. शेवटी दिलेल्या नंबरवर फोन लावला. पलीकडचा माणूस सज्जन होता, पण घाईत होता. म्हणाला, “इंजिन कशाचं आहे? कॉन्टेसा? मग कॉन्टेसा टाका की, १९९२. चालून जातं.” मी टाकलं. जुन्या आरसीवरचा नंबरही टाकला. खाली शेरा म्हणून रकाना होता, त्यात ‘लोटस सेव्हनसारखी रिप्लिका’ असं स्वच्छ लिहिलं आणि आपण खोटं बोललो नाही अशी समजूत करून घेतली.

शेऱ्याचा रकाना गेटवरच्या यादीत छापलेलाच नव्हता.

आदल्या रात्री मी वादाची तयारी करत बसलो होतो. शुद्धतावादी मंडळी अडवणार हे माहीत होतं. मुद्दे पाठ केले. कोब्रा नावाच्या स्पोर्ट्स गाड्या मूळच्या हजाराच्या आसपासच बनल्या, आज दिसतात त्यातल्या बहुतेक नकला. जॅग्वारच्या कारखान्याला १९५७ मध्ये आग लागली, नऊ एक्सकेएसएस गाड्या गेल्या, आणि साठ वर्षांनी कंपनीने स्वतःच त्या नऊ नव्याने करायला घेतल्या. त्या मूळ की नक्कल? आणि माझा हुकमी एक्का: सेव्हन मुळात सुट्या भागांतच विकली जायची. जोडलेल्या गाडीवर इंग्लंडात खरेदी कर होता, सुट्या भागांवर नव्हता. अट एवढीच की जोडणीच्या सूचना सोबत द्यायच्या नाहीत. म्हणून लोटसवाले गाडी खोलायच्या सूचना द्यायचे. त्या उलट्या क्रमाने वाचा, झाली गाडी! म्हणजे इंग्लंडातल्या गॅरेजमध्ये एखाद्या मास्तरने जोडली ती मूळ, आणि जालन्यात मी जोडली ती नक्कल, असं का?

सकाळी सातला बदनापूर ओलांडलं, सव्वाआठला मैदानावर. गेटजवळ मुरमाचा ढिगारा होता, त्याला आयशर टेकवून दोन सी-चॅनलवरून गाडी उतरवली. (चॅनल स्वतःचे न्या. तिथे रॅम्प आहे असं सांगतात, तो मोटरसायकलचा असतो.)

छाननीच्या टेबलावर एक कॉलेजची मुलगी यादी घेऊन बसली होती आणि शेजारी हॅट घातलेले एक काका, सत्तरीचे, पुण्याकडचे वाटले. मुलीने यादीत बोट फिरवलं.

“काका, कॉन्टेसा आहे ना तुमची? कुठंय?”

“ही.”

तिने गाडीकडे पाहिलं, यादीकडे पाहिलं. “ही कॉन्टेसा?”

“आत आहे कॉन्टेसा. बॉनेटखाली.”

मागे उभा असलेला आमचा ड्रायव्हर, मंठ्याचा पोरगा, फिस्सकन हसला. पाठ केलेले सगळे मुद्दे त्या हसण्यात वाहून गेले. कारण इथे वाद नव्हताच. इथे यादी होती. यादीत कॉन्टेसा, समोर कॉन्टेसा नाही, म्हणजे स्टिकर नाही. स्टिकर नाही म्हणजे दोरीच्या आत नाही.

हॅटवाले काका उठले. खिशातून फ्रिजला लावतात तसलं चुंबक काढलं आणि गाडीच्या कुशीला लावलं. खाली पडलं. नाकाला लावलं. पडलं. “फायबर,” ते मुलीला म्हणाले, डॉक्टर नर्सला सांगतो तसं.

मला इथे सूर सापडला. म्हटलं, “काका, मूळ गाडीलासुद्धा ते चिकटणार नाही. बाजू अ‍ॅल्युमिनियमच्या, आणि १९६० पासूनच्या गाड्यांचं नाक फायबरचंच.”

काका माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे मूळ काय ते तुम्हाला नीट माहितीये. मग कॉन्टेसा का लिहिलंत?”

याला उत्तर नव्हतं. फोनवरच्या माणसाचं नाव सांगावं म्हटलं तर नाव विचारलेलं नव्हतं. हेही लक्षात ठेवा, फोन केला की नाव विचारा. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा, ते उत्तम.

तेवढ्यात मागून चाळीसच्या दशकातली एक मोठी काळी गाडी आली, धडधड करत. तो आवाज मराठवाड्यातलं शेंबडं पोरही ओळखेल, अ‍ॅम्बेसिडरचं डिझेल इंजिन. चार मिनिटांत तिला स्टिकर मिळालं. मी काकांकडे अशा नजरेने पाहिलं की शब्दांची गरज पडली नाही.

“बघितलं मी,” काका शांतपणे म्हणाले. “त्यांच्या फॉर्मवर इंजिन बदललेलं आहे असं लिहिलंय. गुण कापले जातील. तुमच्या फॉर्मवर काय लिहिलंय?”

राग आला, आणि तो कुणावर काढावा तेच कळेना. नऊ वाजले. साडेनऊ. मुलीने कुणाला तरी फोन लावला, तो म्हणाला अमक्याला विचारा, अमका उद्घाटनाच्या पाहुण्यांना आणायला विमानतळावर गेलेला. तिकडे ड्रायव्हर दर दहा मिनिटांनी येऊन, “परत चढवायची का? हॉल्टिंग चालू व्हायलंय बरं,” असं सांगून जायचा. बाटली संपली. मी नाकावर हात ठेवला तर चटका बसला. धपाट्यांचा डबा सीटवर होता, त्यातलं दही आंबून उतू गेलं आणि साडेचार वर्षांच्या मेहनतीला आंबट वास सुटला.

काका मात्र हलले नाहीत. छाननी करता करता अधूनमधून माझ्याकडे यायचे, एक वाक्य बोलून जायचे. त्यांना नक्कल गाडीचा राग नव्हता, हे मला हळूहळू समजलं. त्यांचं म्हणणं वेगळं होतं. “तुम्ही आज सांगाल नक्कल आहे. उद्या विकाल. घेणारा वर लोटसचा बिल्ला लावेल. तिसरा येईल तो मूळ म्हणून पैसे मोजेल.” विलायतेत ज्या गाडीचं वय आणि कूळ सिद्ध होत नाही तिला ‘क्यू’ अक्षराचा नंबर देतात. तो नंबर पाहिला की घेणाऱ्याला काही विचारावंच लागत नाही. “आपल्याकडे तशी सोय नाही,” काका म्हणाले, “म्हणून मी चुंबक घेऊन फिरतो.”

मी खरेदी कराचा आणि उलट्या सूचनांचा किस्सा काढला. त्यांना तो माहीत होता. माझ्याआधी शेवट त्यांनीच सांगितला. मग गाडीमागे जाऊन वाकले. “मागची चाकं चार बोटं बाहेर आहेत.”

होती. कॉन्टेसाचा अ‍ॅक्सल रुंद, सेव्हन सडपातळ. मडगार्ड रुंद करून मी ते झाकलं होतं. साडेचार वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या मनात मात्र रोज यायचं.

पावणेअकराच्या सुमारास त्या मुलीनेच मार्ग काढला. हिरवी स्टिकरं व्हिंटेजची, निळी क्लासिकची, दोन्ही मोजून आलेली. “सर, पिवळी अकरा उरलीत.” पिवळी दुचाकीची. काकांनी एक घेतलं, ‘दुचाकी’ या शब्दावर पेनाने आडवी रेघ मारली, वर बारीक अक्षरात ‘रिप्लिका’ लिहिलं आणि सही केली. यादीतल्या कॉन्टेसावरही रेघ मारली. “स्पर्धेत नाही, फक्त पाहण्यासाठी. कबूल?” मी कबूल म्हणायच्या आत ड्रायव्हर कबूल म्हणाला.

पिवळं स्टिकर म्हणजे जागाही पिवळ्या पट्ट्यात. एका बाजूला लॅम्ब्रेटा, दुसऱ्या बाजूला बजाज १५०, समोर राजदूत आणि येझदींची रांग. दिवसातला हा भाग सर्वांत चांगला गेला, पण त्यावर लिहिण्यासारखं तेवढंच कमी आहे. बजाजवाले भाऊ पैठणचे. गाडी खरी की खोटी, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. त्यांची स्कूटर म्हणजे पियाज्योच्या परवान्यावर इथे बनलेली वेस्पाच, तो करार १९७१ ला संपला आणि पुढच्या वर्षी चेतक आली. त्यांनी मला दोन तांबे पाणी दिलं. निळ्या-हिरव्या पट्ट्यात ‘हात लावू नये’च्या पाट्या होत्या, म्हणून सगळी पोरं आमच्याकडे. मी बसू देत होतो. कटऑफच्या बटणाने बॅटरी तोडून ठेवा आणि किल्ली खिशात ठेवा, नाहीतर एखादा कार्टा स्टार्टर मारतोच. सायलेन्सर बाहेरून जातो त्या बाजूने चढू देऊ नका. आमचं इंजिन थंड होतं, म्हणून निभावलं. इंजिनखाली पुठ्ठा टाका. मैदानवाले तेलाच्या डागाचे पैसे मागतात, मूळ आणि नक्कल असा भेदभाव न करता.

अजून आठवलं तसं: कंपनीचा बिल्ला लावू नका, नाकावरची जागा मोकळी दिसली तरी चालेल. सांगाड्याचे, वेल्डिंगचे फोटो छापून फाइल करा, अर्धे प्रश्न तिथेच मिटतात. आणि गाडीपुढे मोठ्या अक्षरात स्वतःच लिहा, रिप्लिका, अमुक साली, अमुक गावी बनली. मी दुपारी पुठ्ठ्यावर स्केचपेनने ‘रिप्लिका, जालना’ लिहून ठेवलं. त्यानंतर आलेल्यांनी गाडीबद्दल विचारलं, माझ्याबद्दल नाही.

चारच्या सुमारास काका पिवळ्या पट्ट्यात आले. पुठ्ठा वाचला, काही बोलले नाहीत. जाताना मागच्या चाकाकडे बोट करून म्हणाले, “कापून घ्या तो. जालन्यात लेथवाले काय कमी आहेत?”

मे महिन्यात अ‍ॅक्सल कापून घेतला. दोन्हीकडून मिळून चौदा सेंटीमीटर. मडगार्ड परत अरुंद करायला त्याच हत्तीवाल्याकडे गेलो. लग्नसराई होती, जुलैपर्यंत थांबवलं.

यंदाचा फॉर्म गेल्या आठवड्यात आला. प्रकारांमध्ये आता चौथा पर्याय आहे, ‘रिप्लिका’. मी तो निवडला आणि पुढे गेलो. उत्पादन वर्षाची यादी उघडली. ती १९९५ ला संपते. दिलेल्या नंबरवर सकाळपासून तीनदा फोन केला, उचललेला नाही. उचलला की आधी नाव विचारणार आहे.