सातबाऱ्यावर 'झुडपी जंगल', आणि माझे सात महिने

आमच्या गावाबाहेर मुरमाड माळावर एकवीस शिलावर्तुळं आहेत. काळ्या दगडांचं कडं, आत मुरूम-गोट्यांचा उंचवटा. नागपूरजवळ जुनापाणीला अशीच तीनशेच्या आसपास आहेत. लोहयुगातली ती दफनं, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची. उत्खननात लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर, घोड्याच्या लगामाच्या कड्या निघाल्या. ती जागा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. आमची मात्र कुठल्याच यादीत नव्हती. मुरुमासाठी आलेल्या जेसीबीने एका कड्याचे चार दगड उलथवले, त्याच रात्री राज्य पुरातत्त्व खात्याला प्रस्ताव द्यायचं मी ठरवलं.

ग्रामसभेचा ठराव एका बैठकीत झाला. अडलं ते जमिनीपाशी. सातबाऱ्यावर शेरा होता 'झुडपी जंगल', म्हणजे खुरट्या झुडपांची जमीन. महसूलवाले म्हणाले, वनविभागाचं पत्र आणा. वनविभाग म्हणाला, जमीन आमच्या ताब्यात नाही, तहसीलला विचारा. तहसीलने अर्ज परत तलाठ्याकडे पाठवला. अकरा खेपा झाल्या. एका कार्यालयात तर माझा अर्जच सापडेना. आवक शिक्क्याची पोच खिशात होती म्हणून वाचलो. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. मला राग याचा येत होता, की मी ताबा मागतच नव्हतो. जागा कोणाची आहे एवढंच लेखी हवं होतं, आणि तेवढ्यात माळावर आणखी ट्रॅक्टर फिरत होते.

शेवटी एका मंडळ अधिकाऱ्यांनी सुचवलं, "भाऊ, पत्र मागू नका, संयुक्त पाहणी मागा." दोन्ही खात्यांना एकाच मजकुराचा अर्ज दिला. तीन आठवड्यांत तलाठी आणि वनरक्षक एकत्र माळावर उभे होते. एका दगडावर वाटीसारखे सात खळगे कोरलेले आहेत. वनरक्षकाने बाटलीतलं पाणी त्यांवर ओतलं, तशा सातही वाट्या उन्हात चमकल्या. त्यानंतर दोघांनी एकेक वर्तुळ मोजलं आणि पंचनाम्यावर एकवीसचा आकडा लिहून सह्या केल्या. मला भरून आलं.

खळग्यांचे फोटो सकाळच्या तिरप्या उन्हात काढा, भर दुपारी ते दिसत नाहीत. शेजारी मोजपट्टी ठेवा, गट नंबर लिहा. गवत वाळल्यावरच जा.

प्रस्ताव आता खात्याकडे आहे. आधी प्राथमिक अधिसूचना निघेल, मग हरकती, मग अंतिम. उलटलेले चार दगड मी अजून तसेच ठेवलेत. उचलून उभे करायचा मोह होतो, पण ते काम जाणकारांचंच. दगड हलला की मूळ जागेची खूण जाते.