गणवेशाची मदत मे महिन्यातच व्हायला हवी

जून लागला की बियाणं, खत आणि शाळा हे तिन्ही खर्च एकाच पंधरवड्यात येतात. पेरणी थांबवता येत नाही, म्हणून गणवेश मागे पडतो. ऊसतोडीला जाणाऱ्या घरात ओढाताण त्याहून जास्त, कारण फडावरून आणलेले पैसे संपत आलेले असतात आणि पुढच्या हंगामाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, अजून लांब असते. म्हणून मदतीची तयारी एप्रिलमध्येच सुरू करावी.

आधी सरकारी योजनेतून कुणाला काय मिळतं ते बघा. जिल्हा परिषद आणि पालिकांच्या शाळांत पहिली ते आठवीपर्यंत समग्र शिक्षा आणि राज्याच्या मोफत गणवेश योजनेतून दोन गणवेश मिळतात, एका गणवेशाला 300 रुपये या हिशोबाने. 2024-25 ला 'एक राज्य एक गणवेश' आला, कित्येक शाळांत कपडे फार उशिरा पोचले, आणि 2025-26 पासून खरेदी परत शाळा व्यवस्थापन समितीकडे आली. 300 रुपयांत कापड आणि शिलाई बसवताना समितीची दमछाक होते, तिथे वरची रक्कम भरून द्यावी. पण खरी अडचण नववीला येते. योजना आठवीला संपते, बऱ्याचदा शाळा बदलते, तिच्याबरोबर रंगही बदलतो, आणि अंगाने वाढलेल्या मुलाला कापड जास्त लागतं. पैसे थोडे असतील तर आधी नववीची मुलं घ्या.

दोन पूर्ण जोड जमत नसतील तर दोन शर्ट आणि एक पँट शिवा. शर्ट रोज धुवावा लागतो, पँट एक दिवस आड चालते. कापड टेरिकॉटच घ्या, म्हणजे सुती-पॉलिस्टर मिश्रणाचं. पावसाळ्यात सुती शर्ट रात्रीतून वाळत नाही आणि मूल ओलाच घालून जातं. दहा वर्षांच्या मुलाला 58 इंची पन्ह्याचं (रुंदीचं) साधारण एक मीटर कापड फुल पँटला पुरतं, 36 इंची पन्ह्याचं दीड मीटर हाफ शर्टला. सगळं कापड एकाच थानातून घ्या, नाहीतर शेड फिरते, आणि शेड दुकानातल्या ट्यूबलाइटखाली नाही, उन्हात नेऊन ताडून बघा.

माप वयावरून कधीच घेऊ नका. छाती, कंबर, उंची टेपने मोजा. शिंप्याला पँटच्या पायाला आत तीन इंच दुमड आणि बाजूच्या शिवणीत एक इंच कापड ठेवायला सांगा, कमरेला मागच्या बाजूने इलॅस्टिक. उसवून वाढवता आलं की तोच कपडा दुसऱ्या वर्षीही निघतो.

जुने गणवेश गोळा करायचे तर परीक्षा संपल्या संपल्या. मेमध्ये त्यांची पायपुसणी झालेली असतात. पँटचा बसायचा भाग उजेडासमोर धरा, जाळी दिसली तर बाजूला काढा. खिशावरचा बिल्ला उसवला की खाली गडद चौकोन उरतो, कारण भोवतीचा रंग उडालेला असतो. नवा बिल्ला नेमका त्याच चौकोनावर बसवा, नाहीतर वर्गात जुना शर्ट लगेच ओळखू येतो.

वाटप वर्गात नको, फोटो तर नकोच. शिंप्याकडे पैसे आधी भरून पालकांना चिठ्ठी द्या. मूल इतरांसारखंच दुकानात जाऊन माप देतं. सगळी रक्कम जूनमध्ये संपवू नका. जुलैत उशिरा दाखल होणारी मुलं असतात, त्यांच्यासाठी दहातला एक गणवेश राखून ठेवा.