हॅलोविन करायचंय? मग हडळ आपलीच बरी

ऑक्टोबर संपत आला की सोसायटीच्या ग्रुपवर हॅलोविनचे फोटो पडायला लागतात, तोच प्लास्टिकचा सांगाडा, तीच वटवाघळं, पाकिटातलं ते पांढरं जाळं, आणि सगळ्यांच्या दारात सेम टू सेम कारण सगळ्यांनी एकाच ठिकाणाहून मागवलेलं. भुतांची हौस मलाही लई आहे, पण त्या सांगाड्याला कोण घाबरतंय, बालवाडीतली पोरं त्याच्याशी शेकहँड करतात. म्हणून यंदा डोक्यात एकच घोळायलंय, भुताटकी करायचीच तर आपल्याकडची करायची. मराठवाड्यात भुतांचा तुटवडा आहे का काही?

दारापासून सुरू करते. महालक्ष्म्यांना आपण दारातून आत येणारी पावलं काढतो ना, तशीच पावलं, पण हडळीची. हडळीचे पाय उलटे, टाचा पुढं. त्यामुळं बघणाऱ्याला वाटतं कुणीतरी घरातून बाहेर गेलंय, आणि ज्याला माहितीय त्याला कळतं की बाई आत आलीय आणि अजून आतच आहे. हे सुचलं तेव्हा माझ्याच अंगावर काटा आला. लिफ्टपासून आमच्या दारापर्यंत काढायची, रांगोळीनं नाही, राखेनं, आणि शेवटचं पाऊल अर्धं सोफ्याखाली. खर्च शून्य.

मग आमचा पॅसेज. छत्रपती संभाजीनगरात राहून दौलताबादचा किल्ला बघितला नाही असं माणूस सापडायचं नाही, आणि बघितलेल्या प्रत्येकाला ती अंधारी आठवते, कातळात कोरलेला वाकडातिकडा रस्ता, डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाही आणि वर वटवाघळांचा तो वास. (वास मी घरात आणणार नाही, निश्चिंत रहा.) शत्रू आत शिरला तर गोंधळून जावा म्हणून केलेलं ते काम, आणि त्याची खरी गंमत वळणात आहे, पुढं काय आहे ते दिसतच नाही. तर पॅसेजमध्ये कपाट आडवं सरकवून एक वळण करायचं, दोन्ही बाजूंनी गावाकडच्या काळ्या घोंगड्या टांगायच्या, खाली पिंपळाचा वाळका पाला पसरायचा म्हणजे पाय पडला की करकर वाजतं, आणि वरून काळे दोरे सोडायचे, काही मोठ्या माणसाच्या तोंडाला लागतील असे, काही पोरांच्या. अंधारात गालाला दोरा लागला की माणूस जे ओरडतं ते कुठल्याच विकतच्या कोळ्याला बघून ओरडणार नाही.

जाळ्याचंही तसंच. सासर परभणीकडं, या दिवसात कापसाची वेचणी चालूच असते, मग पॉलिस्टरचं पाकीट कामून आणायचं? फक्त एक आहे, पाकिटातलं जाळं ताणलं की लांबच लांब जातं, आपल्या कापसाचा धागा असतो इंच-सव्वा इंचाचा, ताणला की तुटतो. त्यामुळं बारीक जाळं नाही जमायचं, पण सरकी काढून विरळ पिंजला आणि मागच्या सालच्या वाळक्या पऱ्हाटीवर अडकवला तर पडक्या वाड्याच्या ढेलजेतली जळमटं हुबेहूब. पणती मात्र त्याच्या आसपास नको, कापूस कसा भडकतो ते सांगायला नको कुणाला. तिथं बॅटरी. बॅटरीसमोर शेंडीवाल्या पोराचा पुठ्ठा कापून धरला की भिंतीवर मुंजा, आणि पुठ्ठा बॅटरीच्या जितका जवळ न्याल तितका मुंजा मोठा होत जातो, छतापर्यंत.

आता भोपळा. तो पाहिजेच असं पोरांचं म्हणणं, आणि खरं सांगू का, भोपळाही मूळचा नाहीच त्या सणाला. आयर्लंडमध्ये लोक सलगम कोरायचे, अमेरिकेत गेल्यावर त्यांना भोपळा सापडला, मोठा आणि कोरायला सोपा. कहाणीही भारी आहे, जॅक नावाच्या बेरकी माणसानं सैतानाला फसवलं, मेल्यावर त्याला स्वर्गात घेईनात आणि नरकातही घेईनात, मग सैतानानं दिलेला निखारा कोरलेल्या सलगमात ठेवून तो अंधारात हिंडत बसला. इंग्लंडात दलदलीवर रात्री दिसणाऱ्या भुलवणाऱ्या उजेडालाही हेच जॅकचं नाव होतं. ऐकल्या ऐकल्या मला आपला चकवाच आठवला, रात्री शेतातून निघालेला माणूस फिरून फिरून त्याच बांधावर येतो तो. त्यांनी त्यांच्या शिवारातली भुतं सजवली, आपण आपल्या शिवारातली सजवायची, एवढंच माझं म्हणणं.

आपला लाल भोपळा कोरायला मात्र जीव काढतो, गर जाड आणि साल टणक. झाकण तिरकं कापायचं, सरळ कापलं की आत पडतं. गर खरवडून भिंत बोटभर जाडीची ठेवायची तर उजेड बाहेर येतो. आणि आदल्या दिवशीच कोरायचा, आपल्याकडची ऑक्टोबरची ऊन्हं बघता तो टिकत नाही, लगेच बुरशी धरतो.

एक गोष्ट मी करणार नाही, लिंबू, हळदकुंकू, काळी बाहुली असलं काही दारात ठेवणार नाही. उतारा दिसला की खालच्या मजल्यावरच्या काकू खरंच आजारी पडतील आणि नाव माझं येईल. गंमत ती गंमतच राहिली पाहिजे.

सासूबाईंना सगळा प्लॅन सांगितला. आधी म्हणाल्या, "दिवाळीच्या दिवसात घरात हडळ आणायलीस व्हय गं?" मग जरा वेळानं म्हणाल्या, "राखेनं काढू नको, फरशीवर दिसायची नाही, गेरूनं काढ." आणि दुसरी अट, भोपळ्याचा गर टाकायचा नाही, त्याचे घारगे करायचे. तर यंदा आमच्या दारात चॉकलेट मागायला येणाऱ्या सगळ्या चिल्ल्यापिल्ल्यांना घारगे मिळणार आहेत, आयांनो, आधीच सांगून ठेवा, नंतर ग्रुपवर तक्रार चालणार नाही.