परम महासंगणक आणि देशाभिमान

चांद्रयान-३ चंद्रावर उतरले, त्या २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळचा आनंद मला आजही सर्वस्वी रास्त वाटतो. मात्र तंत्रज्ञानातील यश हाच राष्ट्राच्या मोठेपणाचा पुरावा मानण्याची वृत्ती आम्हा पुणेकरांना नवी नाही. अमेरिकेने क्रे महासंगणक देण्यात आडकाठी केल्यानंतर १९८८ मध्ये येथे सी-डॅक या महासंगणक विकसित करणाऱ्या सरकारी संस्थेची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. त्या नकारातून आलेली जिद्द खरीच होती. पण त्यातील प्रोसेसर ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर होते, आणि आपल्या अभियंत्यांचे कर्तृत्व होते ते असे अनेक ट्रान्सप्युटर एकमेकांना जोडून एकच मोठे गणित त्यांच्यात वाटून देण्याचे. हा तपशील सांगितला की काहींना तो देशाचा अवमान वाटतो, याचे मला मनापासून दुःख होते, कारण त्या अभियंत्यांची खरी थोरवी त्याच तपशिलात आहे.

आधारबाबतही तेच घडले: त्याच्यावर प्रश्न उपस्थित करणे काहींना देशाचा अवमान वाटले. त्याला न्यायालयात आव्हान देणारे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेमुळेच २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरला, आणि त्यांची ती चिकाटी मी देशसेवाच मानतो.