पान कितवं?

"काळयंत्रातून प्रवास करणाऱ्या त्या माणसाचं नाव काय?"

हा प्रश्न आला की विज्ञानकथांचा मुरलेला वाचक आधी हसतो, मग डोळे मिटतो आणि मग त्याच्या कपाळाला आठ्या पडायला लागतात. एच. जी. वेल्सची 'द टाइम मशीन' वाचलेली असते. त्यातला प्रवासी इसवी सन ८,०२,७०१मध्ये जाऊन पोचतो, हा आकडाही तोंडपाठ असतो (नसला तर आमच्यात फार वेळ बसवत नाही). पण नाव काही केल्या जिभेवर येत नाही. येणार कुठून? वेल्सने ते दिलेलंच नाही. १८९५ साली आलेल्या त्या चिमुकल्या कादंबरीत तो पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसता 'काळप्रवासी' आहे.

मी या प्रश्नावर चांगली दहा मिनिटं डोकं खाजवलं होतं. उत्तर कळल्यावर विचारणाऱ्याचा जो राग आला, तो अजून पुरता गेलेला नाही.

आम्ही चार-पाचजण भेटलो की ख्यालीखुशाली विचारून होते न होते, तोच कुणीतरी पहिला बाण सोडतो. गुण नाहीत, बक्षीस नाही, पंच तर नाहीच नाही. एकच शस्त्र सगळ्यांकडे आहे. कुणी छातीठोकपणे काही सांगितलं आणि समोरच्याला शंका आली, की त्याने शांतपणे म्हणायचं, "पान कितवं?" मग पुस्तक काढून दाखवायचं, नाहीतर गप्प बसायचं. भलेभले या दोन शब्दांपुढे गार झालेले मी पाहिले आहेत.

सालं विचारणारे मला मनातून आवडत नाहीत. मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाइन' ही कादंबरी कधी आली? १८१८. बरं, मग? संपलं की. उत्तर आलं तरी गप्पा पुढे सरकत नाहीत, आणि नाही आलं तरी कुणाचं काही बिघडत नाही. त्यापेक्षा असं विचारावं, की त्या पहिल्या आवृत्तीवर लेखिकेचं नाव कसं छापलं होतं? छापलंच नव्हतं! पाचशे प्रती निघाल्या, निनावी. प्रस्तावना तिच्या कवी नवऱ्याने, पर्सी शेलीने लिहिलेली, त्यामुळे कादंबरीही त्याचीच असणार असं पुष्कळांना वाटलं. लिहायला घेतली तेव्हा मेरी अवघी अठरा वर्षांची होती. आता बघा, एका प्रश्नावर अर्धा तास सहज जातो.

खरा प्रश्न तो, ज्याचं उत्तर प्रत्येकाकडे तयार असतं आणि प्रत्येकाचं चुकतं. 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सीज' या नावातल्या वीस हजार लीगा म्हणजे पाणबुडी किती खोल गेली? हा प्रश्न मी नव्या माणसासाठी राखून ठेवलेला असतो. तो बिचारा लीग म्हणजे किती किलोमीटर ते आठवायला लागतो. साधारण चार धरा. म्हणजे झाले ऐंशी हजार किलोमीटर. पृथ्वीचा व्यासच पावणेतेरा हजाराच्या आसपास. इतकी खोल गेलेली नॉटिलस पलीकडून बाहेर पडून चंद्राच्या वाटेला लागली असती! ज्यूल व्हर्नने मोजलंय ते अंतर, खोली नव्हे. पाण्याखालून पृथ्वीला जवळजवळ दोन फेऱ्या. हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा असा होतो, की लहानपणापासून आपण पुस्तकाचं नावच चुकीचं वाचत आलो.

मग तो लगेच सूड उगवतो. "ठीक आहे, त्या पाणबुडीचा कॅप्टन निमो कुठला?" हे मात्र आपल्याकडच्या वाचकाने चुकवलं तर माफी नाही. पहिल्या पुस्तकात पत्ता लागत नाही. 'द मिस्टिरिअस आयलंड'मध्ये कळतं, की तो बुंदेलखंडचा राजपुत्र डाक्कार, १८५७च्या उठावात उतरलेला.

रोबॉटचंही तसंच. रोबॉट म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे पत्र्याचा माणूस खडखडत येतो. पण हा शब्द ज्या नाटकातून जगभर गेला, त्या कारेल चापेकच्या १९२०मधल्या 'आर. यू. आर.'मधले रोबॉट रसायनांपासून बनवलेले, थेट माणसासारखे दिसणारे आहेत. शब्द सुचवला कारेलच्या भावाने, योसेफने, आणि त्याचं मूळ ज्या चेक शब्दात आहे, त्याला आपल्याकडे 'वेठबिगार' हा अगदी चपखल शब्द आहे.

रोबॉटने एक, माणसाला इजा करू नये, दोन, त्याची आज्ञा पाळावी, आणि तीन, स्वतःला जपावं, हे विज्ञानकथालेखक आसिमॉव्हचे तीन नियम पाढ्यासारखे म्हणून दाखवणाऱ्यांची तर एक स्वतंत्र जमात आहे. त्यांना नियम विचारू नयेत. बुधावरच्या त्या तळ्याभोवती स्पीडी नावाचा रोबॉट गोल गोल का फिरत बसतो, हे विचारावं. १९४२च्या 'रनअराउंड' या कथेतली ही गोष्ट. सेलेनियम आणायला त्याला सांगितलंय, पण सांगणाऱ्याने फार जोर दिलेला नाही, म्हणून आज्ञा पाळण्याची ओढ बेताची. रोबॉट महागडा, म्हणून स्वतःला जपण्याची ओढ मुद्दाम वाढवलेली. तळ्याजवळ धोका. जवळ गेला की तिसरा नियम मागे ढकलतो, लांब आला की दुसरा पुढे ओढतो, आणि दोन्ही जिथे बरोबरीचे होतात तिथे स्वारी प्यायल्यासारखी बडबडत फिरत राहते. पाठांतर करणारे नेमके इथे अडकतात, आणि मला मेलं त्यातच सुख होतं.

काही भांडणं मात्र मिटतच नाहीत. '२००१: अ स्पेस ओडिसी'मधलं यान कुठे जातं? एक म्हणतो गुरूकडे, दुसरा म्हणतो शनीकडे, आणि दोघेही पैज लावायला तयार. दोघांचंही बरोबर. सिनेमात गुरू, आर्थर क्लार्कच्या त्याच नावाच्या कादंबरीत शनी. दोन्ही १९६८चीच. बरं, पुढच्या भागाच्या कादंबरीत खुद्द क्लार्कनेच गुरूची बाजू घेतली, त्यामुळे शनीवाल्यांचं दुखणं कायमचं होऊन बसलं आहे.

टोपणनावांचे प्रश्न माझ्या विशेष आवडीचे. ना. वि. जगताप कोण, हे विचारलं की मराठी वाचक लगेच नारळीकर म्हणतो, कारण आद्याक्षरं उलटी करून त्यांनी स्पर्धेला कथा पाठवल्याची हकिकत आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक असते. पण विज्ञानकथालेखक जेम्स टिप्ट्री ज्युनिअर कोण? ती अ‍ॅलिस शेल्डन नावाची बाई. ती बाई असणं शक्यच नाही, या लेखणीत काहीतरी अस्सल पुरुषी आहे, असं रॉबर्ट सिल्व्हरबर्गसारख्या मुरलेल्या लेखकाने प्रस्तावनेत लिहून ठेवलं, आणि दोनेक वर्षांत गुपित फुटलं. छापील फजिती ही अशी असते. आमची निदान तोंडी असते.

माझीही झाली. बोलता बोलता मी म्हणाले, "फ्रँकेन्स्टाइन वीज खेचून त्या राक्षसाला जिवंत करतो ना, ते वर्णन काय जबरदस्त आहे!"

"पान कितवं?"

मी पुस्तक उघडलं. चाळलं. पुन्हा चाळलं. नोव्हेंबरची उदास रात्र, एक वाजलेला, खिडकीच्या काचांवर पावसाची टपटप, मेणबत्ती विझत आलेली, आणि त्या मिणमिणत्या उजेडात एक निस्तेज पिवळा डोळा उघडतो. बस. कडकडाट नाही, यंत्रं नाहीत, छतातून खाली येणारी वीज नाही.

"वीज आहे," मी शेवटचा प्रयत्न केला. "इथे, बघ."

"ती झाडावर पडलीय," पान विचारणारा मित्र म्हणाला. "आणि तेव्हा फ्रँकेन्स्टाइन पंधरा वर्षांचा आहे."

पुस्तक वाचलंच नव्हतं असं नाही. वाचलं होतं, पण वर सिनेमांचा इतका जाड थर बसला होता, की मी जे 'आठवत' होते, ते कधी छापलंच गेलं नव्हतं. त्या रात्री ते पहिल्या पानापासून पुन्हा वाचलं. खरं सांगायचं तर हेतू साहित्यिक नव्हता, प्रश्न हुडकायचा होता.

पुढच्या भेटीत मी वाटच बघत होते. "राक्षसाला जंगलात चामड्याची पेटी सापडते. तीत कोणती पुस्तकं असतात?"

"मिल्टन," तो लगेच म्हणाला. "'पॅराडाइज लॉस्ट'."

"अजून दोन."

तो छताकडे बघत बसला. बराच वेळ. मग म्हणाला, "प्लूटार्क... आणि तिसरं..."

"तिसरं?"

"कपडे होते ना त्यात?"

"कपडेही होते. पुस्तक सांग."

"हरलो."

"गटेची 'वेर्टर'."

त्याने हात पुढे केला. मला वाटलं, हरल्याचं मान्य करतोय.

"पान कितवं?" तो म्हणाला.